एकच बिघाड

होळीची राख अंगणातून झाडून काढली की दोन-चार दिवसांत आमचा कूलर गच्चीवरच्या खोलीतून खाली येतो. अमरावतीत सगळ्यांच्याच घरी तो साधारण तेव्हाच येतो. गल्लीतून सायकलवर कूलरच्या गवताचे भारे लादलेला माणूस ओरडत जातो. मागच्या वर्षीचं गवत काळं पडून खरवडीसारखं निघतं, नवं बसतं, आणि त्याच्यावर पहिलं पाणी झिरपलं की घरभर एक वास सुटतो. ओल्या लाकडाचा, जरासा जंगलाचा. लोकांना हा वास आवडतो. मलाही आवडतो, त्रास होतो तो त्यामुळेच. त्या वासासरशी मी अकोल्याच्या आमच्या पुढच्या खोलीत जाऊन बसतो. दारं लावलेली असतात, खिडकीत कूलर घरघरत असतो, आणि फरशीवर गजू मांडी घालून बसलेला असतो. समोर उलटा ठेवलेला सर्किटचा बोर्ड. हात न लावता तो नुसता बघत असतो.

यंदा वासाच्या पाठोपाठ आणखी एक गोष्ट झाली. टाकीतलं पाणी संपलं, कोणाच्या लक्षात आलं नाही, पंप कोरडाच फिरत राहिला आणि जळला. माझी बायको सुनंदा पदरानं वारा घेत म्हणाली, "पोरांना सर्किटं शिकवता शिकवता डोक्याचे केस गेले, आणि घरातला पंप जळला तरी तुम्हाला पत्ता नाही. पाणी संपलं की वाजेल, असं काही करता येत नाही का हो?"

येतं. तसं एक करून ठेवलेलंही आहे. माळ्यावर, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, तीस वर्षांपासून. फक्त ते मी केलेलं नाही.

अकोल्यात मे महिन्याच्या दुपारी शहर नसतंच. बाराला ते कुठेतरी जातं आणि पाचनंतर परत येतं. मधल्या वेळात डांबर चपलेला धरतं, दुकानांची शटरं अर्ध्यावर आलेली असतात, कुत्री नालीच्या काठाची ओल शोधून पसरतात. सायकल उन्हात राहिली तर सीटवर बसवत नाही. नळाला पाणी कित्येक दिवसांनी यायचं, ते पिण्यासाठी भरून ठेवायचं. कूलरला बोअरचं. आमचं बोअरचं पाणी खारं होतं. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी जो खारपाणपट्टा पसरला आहे, तिथे जमिनीखालचं पाणी चूळ भरायच्याही कामाचं नसतं. गजूचं गाव त्या पट्ट्याच्या ऐन मधलं. त्याची आई तुरीची डाळ शिजवायला लांबून गोडं पाणी आणायची, कारण विहिरीच्या पाण्यात डाळ दिवसभर उकळली तरी तिची कणी मोडत नाही. हे गजूनंच मला सांगितलं होतं. त्यात दुःख वगैरे काही नव्हतं, माहिती म्हणून सांगितलं होतं.

गजू, म्हणजे गजानन, माझ्या वर्गातला. आम्ही दोघं अकोल्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होतो. घरची काळी जमीन, कापूस आणि तूर, खाऊनपिऊन बरं. शहरात त्यानं टिनाच्या छपराची खोली घेतली होती. उन्हाळ्यात ती खोली म्हणजे तापलेला तवा. शेवटच्या वर्षाच्या त्या उन्हाळ्यात तो रोज जेवण करून आमच्याकडे यायचा. माझी आई म्हणायची, "किती जीव आहे रे तुमचा एकमेकांवर." गजू तिच्यासमोरच सांगायचा, "काकू, मी याच्यासाठी नाही येत. कूलरसाठी येतो."

माझे बाबा वकील. त्यांच्यासमोर मी पुस्तकातलं बोलायचो आणि गजूसमोर वऱ्हाडी. दोन खोल्यांमधला उंबरा ओलांडला की माझी भाषा बदलायची. गजूची कुठेच बदलायची नाही. बाबांनाही तो "काका, तुमी काहून उन्हात कोर्टात जाता बा?" असंच विचारायचा, आणि बाबांना ते आवडायचं. माझ्या एवढं तेव्हाही लक्षात आलं होतं.

आम्ही दिवसभर बोर्ड बनवायचो. तांब्याचा थर असलेल्या तुकड्यावर ताईच्या नेलपॉलिशनं रेघा काढायच्या, मग तो फेरिक क्लोराइडच्या पिवळ्या पाण्यात हलवत बसायचं. रेघांखालचं तांबं राहतं, बाकीचं विरघळून जातं. त्या पाण्यानं आईची एक ताटली कायमची डागाळली. "आता यात तुम्हीच जेवा," म्हणून तिनं ती आम्हालाच देऊन टाकली. सोल्डरिंगच्या राळेचा धूर, पन्ह्याचे पेले, फरशीवर खडूनं लिहिलेले आकडे. गजूला वही लागायची नाही. तो फरशीवर लिहायचा आणि संध्याकाळी आई ओल्या फडक्यानं आमचं सगळं संशोधन पुसून टाकायची.

आणि आमचा एक खेळ होता.

चालू असलेल्या बोर्डात एकानं गुपचूप एक बिघाड करायचा. एखादा सांधा नुसता वरवर जोडायचा, एखादा डायोड उलटा बसवायचा, एखादी तांब्याची रेघ ब्लेडनं कापायची. मग बोर्ड दुसऱ्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, "एकच हाय." दुसऱ्यानं तो शोधायचा. नियम गजूनं केले होते. बिघाड एकच. तो आहे हे आधी सांगायचं. आणि सापडो न सापडो, उजेड असेपर्यंत सगळं एकमेकांना सांगून मोकळं व्हायचं. दिवे लागल्यावर कोणाच्या मनात काही राहता कामा नये.

मी हरायचो, कारण बोर्ड हातात आला की मीटरच्या सुया खुपसत सुटायचो. गजू दहा-दहा मिनिटं हात लावायचा नाही. "पह्यले पाह्याचं," तो म्हणायचा. "बोर्ड खोटं बोलत नाही बे. तूच घाई करून राहिला."

आज मी अमरावतीच्या एका प्रशिक्षण संस्थेत मुलांना दुरुस्ती शिकवतो. प्रात्यक्षिक परीक्षेला प्रत्येक बोर्डात एक बिघाड लपवून ठेवतो आणि सांगतो, "एकच आहे. घाई करू नका." मुलं म्हणतात, सर छान शिकवतात. पोट भरतो तेसुद्धा मी त्याच्या खेळावर भरतो, हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

कूलरची टाकी भरणं हे घरात माझं काम होतं, आणि त्या उन्हाळ्यात माझ्या विसरण्यापायी दोन पंप जळले. गजू म्हणाला, "तुह्या डोक्याचा भरोसा नाही. टाकीलेच तोंड देऊ." सायकलच्या चाकाचे दोन आरे त्यानं टाकीत सोडले. कल्पना साधी होती. आऱ्यांच्या मधल्या पाण्यातून थोडा करंट जात राहिला तर बझर गप्प. पाणी खाली गेलं, करंट तुटला, की बझर ओरडणार.

पण तो ओरडेना. खाऱ्या पाण्याचा पांढरा थर आऱ्यांवर आणि ते बसवलेल्या लाकडावर चढला. टाकी रिकामी झाली तरी तो थर ओला राहायचा आणि त्या ओलीतूनच करंट जायचा. आठ दिवस गजू त्याच्याशी झुंजत होता. एकेक रेझिस्टर बदलायचा, खडूनं आकडा लिहायचा, टाकी रिकामी करायचा, भरायचा. "याले ओल आन् पानी यातला फरक कळत नाही," तो म्हणाला. "थो शिकवा लागते." शेवटी त्यानं बोर्डाला इतकं बेफिकीर करून टाकलं की नुसत्या ओलीकडे तो ढुंकून पाहीना. भरपूर करंट मिळाला तरच गप्प राहायचा. "आता आपलं खारं पानी असन तरच चूप बसन," गजू म्हणाला. त्याचा चेहरा असा झाला होता की जणू त्या पाण्यानं आयुष्यात पहिल्यांदा कोणाचं भलं केलं होतं.

त्या दुपारी बझर वाजला तेव्हा बाबा आरामखुर्चीत होते. ते स्वतः उठले, बादली आणून टाकीत ओतली, बझर गप्प झालेला ऐकला. आणखी दोनदा पाणी काढून, घालून पाहिलं. मग गजूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे तू स्वतःच्या डोक्यातून काढलंस?" आणि माझ्याकडे वळून, अगदी सहज, "विलास, तू मासिकात पाहून करतोस, नाही का?"

खरंच होतं ते. माझा इलेक्ट्रॉनिक फासा मी मासिकात पाहूनच केला होता. कळ दाबली की दिवे भिरभिरायचे आणि एका आकड्यावर थांबायचे.

महिनाअखेर अमरावतीच्या एका कॉलेजात डिप्लोमाच्या मुलांच्या प्रकल्पांचं प्रदर्शन होतं, आणि आम्ही दोघांनीही नावं दिली होती. नागपूरच्या एका छोट्या कारखान्याचे मालक परीक्षक म्हणून येणार होते, आणि ज्याचं काम पसंत पडेल त्याला ते कामावर घेणार होते. जागा एक. आदल्या दिवशी दुपारी गजू नवी बॅटरी आणायला बाजारात गेला. बोर्ड फरशीवर होता. मी दाढीचं अर्धं ब्लेड घेतलं आणि आऱ्याकडून ट्रान्झिस्टरकडे जाणाऱ्या रेघेवर एक चीर मारली. केसाएवढी. वरून बोटानं राळ चोळली, की दिसू नये.

मी स्वतःला सांगितलं, खेळ आहे. तो आला की म्हणू, एकच हाय. तो आला. घामानं निथळत होता, पन्हं प्यायला, बोर्ड वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवला. मी म्हणालो नाही. त्यानं चप्पल घातली, तेव्हाही म्हणालो नाही. उन्हं उतरली, दिवे लागले. त्या खेळातला नियम मोडण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि हे फक्त मलाच माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो. खिडकीतून येणारा वारा एव्हानाच गरम झाला होता. बरंच अंतर मागे पडलं. मग गजू समोरच्या सीटच्या दांड्याकडे पाहत म्हणाला, "इलास, काही सांगाचं हाय का तुले?"

"नाही बा. काय सांगू?"

"नाही. असंच."

मूर्तिजापूरला गाडी थांबली. तो पाणी प्यायला उतरला, पिशवी माझ्या मांडीवर ठेवून. मी ती दोन्ही हातांनी धरून बसलो. आत बोर्ड आहे आणि त्यावर माझी चीर आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. तो परत आला, पिशवी घेतली आणि अमरावतीपर्यंत आपल्याच मांडीवर ठेवली.

कॉलेजच्या हॉलमध्ये नळावरून बादली भरून आणली. आरे पाण्यात सोडले, बॅटरी जोडली, आणि काठोकाठ भरलेल्या बादलीसमोर बझर ओरडायला लागला. पाणी नाही, पाणी नाही, पाणी नाही. परीक्षक बाजूच्या टेबलापर्यंत आले होते. गजूनं बोर्ड उलटा केला. त्याचा तो हात न लावता बघण्याचा स्वभाव त्या दिवशी कुठे गेला कोण जाणे. पेचकसाच्या टोकानं तो एकेक रेघ खरवडत सुटला. मान वर न करता, दबक्या आवाजात म्हणाला, "आणखीन कुठं हाय बे?"

मला वाटलं, स्वतःशीच बोलतो आहे. मी काय म्हणालो ते लिहायला हात धजत नाही, पण ते लिहिण्यासाठीच तर बसलो आहे. मी म्हणालो, "सापडेल. नीट बघ."

परीक्षक आले, थोडा वेळ थांबले, कानांना त्रास झाल्यासारखं हसले आणि पुढे गेले. पुढे माझा फासा होता. दिवे भिरभिरले.

गजू कोणाला न सांगता निघून गेला. बोर्ड, आरे, बॅटरी सगळं टेबलावर तसंच राहिलं. मी ते उचललं. नागपूरची ती जागा मला मिळाली. काही वर्षं तिथे काढून मी अमरावतीत आलो, लग्न झालं, घर झालं. त्यानं अकोल्यात मोटर वाइंडिंगचं दुकान टाकलं. सर्किटाला पुन्हा हात लावला नाही, असं कोणाकोणाकडून कळायचं. त्याच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा मी तापाचं निमित्त सांगितलं. बाबा गेले तेव्हा तेराव्याला तो आला होता. पंगती उठेपर्यंत दारापाशी उभा राहिला आणि जाताना म्हणाला, "इलास, जेवून घे." तेवढंच.

डबा मात्र मी सांभाळला. नागपूरला नेला, अमरावतीला आणला, दोन घरं बदलली तरी आला. पण उघडला कधी नाही. आत काय आहे ते मला माहीत होतं.

यंदा उघडला. सुनंदा खाली स्टूल धरून उभी होती. "एवढं जपून ठेवलं आणि लावलं का नाही कधी?" ती म्हणाली. मी बोर्ड हातात घेतला आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा तो उलटा केला.

माझी चीर होती. आणि चिरेवर एक जोड होता. तांब्याच्या वायरचा एकच बारीक तंतू, दोन्ही टोकांना सोल्डरचा टाका, आणि प्रत्येक टाका शंकूसारखा टोकदार. असा टाका फक्त गजू द्यायचा. त्या संध्याकाळी आपल्या खोलीवर जाऊन त्यानं बोर्ड लावून पाहिला असणार, चीर शोधली असणार आणि जोडली असणार. सकाळी एसटीत बसायच्या आधी त्याला सगळं माहीत होतं. "काही सांगाचं हाय का तुले?"

पण मग हॉलमध्ये बझर का ओरडला?

मी नवी बॅटरी लावली, आरे घासून आमच्या कूलरच्या भरल्या टाकीत सोडले. बझर ओरडला. दोन दुपारी मी त्या बोर्डाशी झुंजलो. एकेक सांधा, एकेक रेघ मीटरनं तपासली. बोर्डात काही म्हणता काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा तेच करत बसलो होतो आणि स्वयंपाकघरात कुकर उतरला. सुनंदा पळीनं डाळ घोटताना म्हणाली, "काही म्हणा, अमरावतीच्या पाण्यात डाळ कशी लोण्यासारखी होते. तुमच्या अकोल्याला सासूबाई सोडा घालायच्या."

मी उठलो, मिठाच्या बरणीतून मूठभर मीठ घेतलं आणि टाकीत टाकलं. हातानं ढवळलं. बझर गप्प झाला.

"अहो, कूलरमध्ये मीठ?" सुनंदा दारातून ओरडली.

एवढंच होतं ते. बोर्ड खाऱ्या पाण्यावर लावलेला होता आणि अमरावतीच्या नळाला गोडं पाणी होतं. गोड्या पाण्यातून करंट कमी जातो, म्हणून भरलेली बादलीसुद्धा त्याला नुसती ओल वाटली. तीस वर्षं मी समजत होतो की माझ्या चिरेनं बझर ओरडला. चिरेनं ओरडला नव्हता. क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं, हेही कबूल करतो. क्षणभरच. मग पेचकसानं रेघा खरवडणारा गजू डोळ्यांसमोर आला. आईनं डाळीसाठी लांबून आणलेलं पाणी पाहत मोठा झालेला तो मुलगा. पाण्यात फरक असतो हे त्या हॉलमध्ये त्याच्याइतकं कोणाला कळत होतं? नुसता दहा मिनिटं बघत बसला असता तर त्याच्या लक्षात आलं असतं. पण तो पाण्याकडे कशाला बघेल? तो माझी दुसरी चीर शोधत होता.

पुढच्या रविवारी डबा घेऊन अकोल्याला गेलो. वऱ्हाडात हा मोटरवाल्यांचा सुगीचा काळ. दुकानात तांब्याच्या वायरच्या रिळांची रास, उघड्या मोटरींची रांग, प्रत्येकीवर खडूनं आकडा लिहिलेला, आणि डोकं धरवणारा वॉर्निशचा वास. गजू स्टुलावर, नाकावर चष्मा.

"ये," तो म्हणाला, कालच भेटल्यासारखा. "कूलर बिघडला काय?"

मी डबा पुढे केला. त्यानं बोर्ड काढला, आणि काढताच उलटा केला. अंगठ्याचं नख त्या जोडावरून फिरवलं.

"हे तू ठेवलं?"

"हो. गजू, ती चीर मी मारली होती."

"माईत हाय."

"तुला माहीत होतं, हे मला आत्ता कळलं. जोड पाहिल्यावर."

"म्हंजे तीस वरसं उलटं करून नाही पाह्यलं?" त्यानं चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "काहून?"

"माझी चीर दिसेल म्हणून."

त्यानं हातातल्या मोटरीतलं एक वेटोळं पुरं केलं, वायर तोडली. मग म्हणाला, "मंग दुसरी कुठं मारली होती थे तं सांग. म्या लई शोधली."

"दुसरी नव्हती."

"मूर्तिजापूरले मारली ना. मी पानी प्याले उतरलो तवा."

"नाही मारली. पाणी होतं, गजू. अमरावतीचं पाणी गोडं आहे. मी परवा मीठ टाकून पाहिलं, गप्प झाला."

त्यानं चष्मा काढला. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

"पानी," तो म्हणाला. "अबे, पानी!" हसायला लागला, पण ते हसू पुरं झालं नाही. "माही माय डोक्यावर पानी आने डाळीसाठी. आन् म्या पान्याचा इचार नाही केला."

"केला असतास. माझी चीर नसती तर केला असतास."

"होय," तो म्हणाला. मी वाट पाहत होतो, पुढे 'पण' म्हणेल. म्हणाला नाही.

"मला विचारलं का नाहीस?"

"इचारलं ना. बसमधी इचारलं."

मी घरून बरीच वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं पहिलं सुरू केलं आणि त्यानं हात वर केला. "थांब. तुह्या ब्लेडानं माहं जीवन कापलं, असं धरून बसला काय तू? दुकान माहं हाय. पोरगी शिकून राहिली पुण्याले. नागपूर नाही तं नाही." मग जरा थांबून, मोटरीकडे बघत, "वाईट त्या खेळाचं वाटलं. तसा खेळ मंग कोणासंग जमलाच नाही."

हे सांगताना त्याच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

तो उठला. डबा घेऊन पडद्यामागे गेला. बराच वेळ आत होता, मी मोटरींवरचे खडूचे आकडे वाचत बसलो. बाहेर आला तेव्हा बोर्ड आणि आरे नीट वर्तमानपत्रात गुंडाळलेले होते.

"घे," तो म्हणाला. "एकच हाय."

या गोष्टीला आता पाच आठवडे होतील. बाहेर ऊन असं की गल्लीतली कडुलिंबाची सावलीसुद्धा भिंतीला चिकटून उभी. मी बोर्ड घेऊन बसतो. भरल्या टाकीत बझर ओरडतो, मीठ टाकलं तरी ओरडतो. एक रेझिस्टर नवा दिसला, वाटलं हाच. तो धड निघाला. जुना जोड तपासला, धड. तिसऱ्या आठवड्यात मनात आलं, दोन तर नसतील? आणि लगेच कळलं की त्या दिवशी हॉलमध्ये त्याला काय वाटलं असेल. मी मीटर खाली ठेवला आणि स्वतःला सांगितलं, एकच म्हणाला आहे.

दर रविवारी दुपारी फोन येतो. नमस्कार नाही, कसा आहेस नाही.

"सापडला?"

"नाही."

"पह्यले पाह्य. मंग हात लाव." आणि फोन बंद.

तीस वर्षांत ज्याचा आवाज मी मोजून दोन-तीनदा ऐकला, तो आता दर आठवड्याला मला शिव्या घालतो. सुनंदा म्हणते, रविवारी तुम्ही फोन घेऊन गच्चीवर काय जाता, कॉलेजातल्या पोरासारखे.

आज बुधवार. आज मी मीटर काढलाच नाही. बोर्ड समोर ठेवून नुसता बसलो. बघता बघता नजर बोर्डावरून उतरून वायरवर गेली, वायरवरून आऱ्यांवर. एक आरा उचलून उजेडात धरला. जरा जास्तच चकाकत होता. नखानं खरवडला तर कांद्याच्या सालीसारखा पातळ, पारदर्शक पापुद्रा निघाला. वॉर्निश. मोटरीच्या वायरला देतात ते. पाण्याला आऱ्यापर्यंत पोचूच द्यायचं नाही. बिघाड बोर्डात नव्हताच, पाण्याकडच्या बाजूला होता, जिथे त्या दिवशी आम्ही दोघांनीही बघितलं नव्हतं.

आरे स्वच्छ घासले, टाकी धुऊन आमचं साधं गोडं पाणी भरलं, आरे आत सोडले. बझर गप्प. मिठाचा कणही नाही. तेव्हा त्या नव्या रेझिस्टरचा अर्थ लागला. न सांगता त्यानं बोर्ड अमरावतीच्या पाण्यावर लावून दिला होता.

आणि मग, ही कबुलीही याच कागदावर असू दे, माझ्या मनात आलं की सांगू नये. रविवारी फोन आला की म्हणावं, नाही सापडला. म्हणजे पुढच्या रविवारीही येईल. उन्हाळा संपेपर्यंत येईल. सापडला म्हटलं की तो "बरं" म्हणेल आणि फोन ठेवेल, कदाचित कायमचा.

समोरच्या भिंतीवर ऊन आहे. वर सरकतं आहे, पण अजून आहे. दिवे लागायला अवकाश आहे. कूलर चालू आहे, नव्या गवताचा वास येतो आहे, टाकी भरलेली आहे आणि बझर गप्प आहे. रविवारची वाट न पाहता मी फोन लावला आहे. पलीकडे घंटी वाजते आहे.

"काय बे, आज बुधवारी?"

"गजू," मी म्हणालो, आणि कित्येक वर्षांनी माझ्या तोंडून ती आमची भाषा आपोआप आली, "सापडला मले."